उन्हात ठेवलेलं गाणं

गणपतीचे डोळे माझ्या मामेसासऱ्यांसारखे अख्ख्या पेणमध्ये कुणी आखले नाहीत, आणि त्यातलं निम्मं श्रेय एका इटालियन बाईचं होतं. त्या बाईचा आवाज माझ्या हातून गेला, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मामांचा मूर्तींचा कारखाना पेणमधल्याच रामवाडीत. तरुणपणी मुंबईला मूर्ती पोचवून परतताना त्यांनी जुन्या बाजारातून चावीचा ग्रामोफोन आणि एकच तबकडी आणली होती. कुठल्याशा जुन्या इटालियन ऑपेरातलं, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकातलं, एका बाईचं गाणं. अर्थ कुणालाच कळत नव्हता. मामांना मात्र सगळं कथानक ठाऊक होतं, आणि ते दर वर्षी बदलायचं. एका वर्षी ती बाई मिठागरावर नवऱ्याची वाट बघायची, पुढच्या वर्षी सासूला शिव्या घालायची. गाणं लागल्याशिवाय मामा आखणीचा कुंचला उचलत नसत. तबकडीची एक बाजू, डोळ्यांची एक जोडी. चावी उतरत आली की बाईचा आवाज जड व्हायचा आणि बाप्पाच्या पापण्याही. निडी गावचं एक गिऱ्हाईक दर वर्षी तसलाच पेंगुळलेला गणपती मागून न्यायचं. मुंबईतल्या एका तबकडीवाल्यानं हा ऑपेरा तिकडेही कुणाला आठवत नाही असं सांगितलं, तेव्हा मामांच्या अंगावर जबाबदारीच पडली. "म्हंजे आता हिला सांभाळणारे आपणच," ते म्हणाले.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी रोह्याहून त्यांच्याकडे गेलो होतो. तबकडीवर मातीची धूळ बसलेली दिसली. जावयानं काहीतरी उपयोगी करावं म्हणून मी ती धुतली. त्या कारखान्यात ओलं जे असेल ते फळीवर, उन्हात. मीही ती कच्च्या मूर्तींच्या रांगेत ठेवली आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर तबकडीचा पापड.

फळ्या उन्हात काढायचं काम मामींचं. त्यांनी कपाळावर हात मारला. मूर्तींबरोबर आपल्याच हातून उन्हात गेली असणार, असं त्यांनीच ठरवलं. मी तोंड उघडलंही होतं, पण नवा जावई होतो, मिटलं. मामांनी वाकडी तबकडी खिळ्याला टांगली, आणि मग ते स्वतःच गाणं गुणगुणत डोळे आखू लागले. मामींनी त्या दिवसापासून आखणीच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. चहासुद्धा दारातून सरकवायच्या.

वीसेक वर्षांनी आमच्या कंपनीतले एक साहेब मशीन बघायला इटलीला निघाले. मी त्यांना तबकडीवरचं नाव उतरवून दिलं. त्यांनी दोन सीडी आणल्या. कुणाला तरी त्याच्या स्वरलिपीच्या जुन्या वह्या सापडल्या होत्या, आणि तो विसरलेला ऑपेरा नुकताच पहिल्यांदा अख्खा गाऊन रेकॉर्ड केला होता. ऐन हंगामात मामांनी आखणी थांबवली. भोवती दीडशे बिनडोळ्यांचे गणपती आणि मध्ये आम्ही दोघं. दुसऱ्या सीडीवर ती आली. आवाज निराळा, गाणं तेच. तबकडी जिथं संपायची तिथं मामांचा हात सवयीनं सुई उचलायला गेला आणि हवेतच राहिला. गाणं संपलंच नव्हतं. एक पुरुष तिला उत्तर देत होता.

"आपण समजत होतो, एकटीच गाते बिचारी," मामा म्हणाले. "तबकडीत जागा नव्हती हो, जावईबापू." मग दाराकडे वळले. "आत ये गो. तिला उत्तर हाय. ऐकून जा."

"नाय," उंबऱ्यापलीकडून मामी म्हणाल्या. "माझ्या हातनं तिचा गळा गेला. कुठल्या तोंडानं ऐकू?"

"मी कधी रागावलो का तुझ्यावर?"

"तेच तर," मामी म्हणाल्या.

मी सीडीचं रिकामं कव्हर हातात धरून बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

मामा जाऊन चार वर्षं झाली. सीडी माझ्याकडे, रोह्याजवळ वरसेला आहेत. शिफ्टवरून आलो की कधीतरी लावतो, आणि तो पुरुष गायला लागायच्या आत बंद करतो. मामी रामवाडीतच असतात. फळ्या आता दुसरं कुणी उचलतं, पण त्या खोलीत त्या अजून जात नाहीत.

तबकडी उन्हात मी ठेवली होती. हे मामींच्या समोर बसून सांगायचं अजून राहिलं आहे.