बाबांचे रविवारचे गडी

दुसरा तास चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, ऑफिसात तुमचा फोन आहे." मला शाळेत फोन येत नाहीत, आलाच तर एखाद्या पालकाचा, तोही तक्रारीचा. फळ्यावरचं गणित अर्धवट ठेवून मी गेले. पलीकडे माझा धाकटा भाऊ दत्ता होता. "ताई, बाबा गेले गं. भाताचा शेवटचा भारा बांधला, बांधावर पाणी प्यायला बसले आणि तिथंच..." त्या वेळी माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगते. आता रविवारी माझी मुलं कुठे जाणार, हे आलं. बाप गेल्याचं कळल्यावर मुलीला हे सुचावं याची मला लाज वाटत होती. आता दीड-दोन महिने झाले, आणि वाटतं की त्यात फारसं वावगं नव्हतं. गेल्या काही वर्षांत माझं आणि बाबांचं जे काही बोलणं, रुसणं, भांडणं झालं ते त्या रविवारांवरूनच झालं.

आम्ही मूळचे विचुंब्याचे. बाबांची जमीन पहिल्यापासून बेताचीच, त्यातली निम्मी नवीन पनवेलच्या वसाहतीत गेली आणि नदीच्या अंगाची भाताची दोन खाचरं राहिली. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, दत्ता चारचा. शेतात आणखी दोन हात हवे होते आणि मी तर घरातच होते. माझ्याबरोबरीच्या सगळ्या मुली लावणीला उतरायच्या. मला मात्र बाबा बांधावरूनच माघारी धाडायचे. भाकरी घेऊन गेले तर टोपली हातातून घ्यायचे आणि म्हणायचे, "जा, अभ्यास कर." एकदा मी हट्टाने चिखलात पाय घातला तर दंडाला धरून बाहेर काढलं. हात उगारला नाही, पण असं बघितलं की पुन्हा मी तिकडे फिरकले नाही. मैत्रिणी मला कलेक्टरीणबाई म्हणून चिडवायच्या. पुढे मी डी.एड. केलं, शाळेत लागले, नोकरदार नवरा मिळाला, वसाहतीत फ्लॅट झाला. सगळं रीतसर झालं, पण शेतकऱ्याची मुलगी असून मला भाताचं रोप आणि गवत यातला फरक सांगता येत नव्हता. आणि मनात एक पक्कं बसलेलं होतं, की बाबांना मी त्या कामाच्या लायकीची वाटलेच नाही.

नव्वद साली आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो. विचुंबे तिथून चालत अर्ध्या तासावर. माझी अश्विनी तेव्हा सहा वर्षांची होती, केदार चारचा. पहिल्याच रविवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात बाबा. धोतर गुडघ्यापर्यंत, वहाणा बाहेर काढलेल्या. आत या म्हटलं तर आले नाहीत. फक्त विचारलं, "पोरं तयार हायत का?" मला वाटलं, गाव दाखवून आणतील. संध्याकाळी मुलं परत आली ती डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून, आणि अश्विनीने जाहीर केलं, "आई, आम्ही आजोबांचे गडी आहोत. रविवारचे." तेव्हापासून ते सुरूच झालं. मुलांनी टीव्हीवरचे रविवारचे कार्यक्रम सोडले, पण विचुंबे सोडलं नाही. लावणी, तण काढायची बेणणी, बैल धुणं, नदीत गळ टाकून बसणं, चिंचा पाडणं, यातलं काय काम आणि काय खेळ हे त्यांना कधी कळलं नाही आणि बाबांनी कधी सांगितलं नाही.

मुलांशी बाबा शिकवल्यासारखं बोलायचेच नाहीत. मी शिक्षिका, मला त्याचा भारी राग यायचा. थंडीत आमच्याकडे पोपटी लावतात. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, तोंडाला भांबुर्डीचा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही, सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. मडकं कधी काढायचं हे एरवी घरातलं जाणतं माणूस ठरवतं. बाबांनी ते काम केदारवर सोपवलं, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याने मडक्यावर बाहेरून पाणी शिंपडलं, ते कसं चरचरतं ते कान देऊन ऐकलं आणि झालं म्हणून सांगितलं. शेंगा निम्म्या कच्च्या होत्या. बाबांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, म्हणाले, "चांगल्या हायत." मग सगळ्यांना खाणं भागच पडलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांची पोटं दुखली आणि मी आठवडाभर बाबांशी अबोला धरला. पुढच्या खेपेला मात्र केदार मडक्याजवळून हलला नाही. त्या वेळच्या शेंगा लोण्यासारख्या झाल्या होत्या, हे मला कबूल करावंच लागेल.

आमचं खरं भांडण झालं ते त्याच्या पुढच्या श्रावणात. लावणी होऊन रोपं नुकती जीव धरत होती आणि पावसाने ओढ दिली होती. मुलांनी सकाळी बांधातल्या बिळात हात घालून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढल्या आणि त्या आनंदात बिळाचं तोंड तसंच उघडं टाकलं. दुपारपर्यंत खाचरातलं पाणी त्या बिळातून खालच्या शेजाऱ्याच्या शेतात उतरलं. बाबा ओरडले नाहीत. "पानी कुठं गेलं ते बघा," एवढंच म्हणाले. मुलांनी शोधून बीळ लिंपलं. मग तिघं मिळून ओहोळातून बादल्या भरभरून खाचरात ओतत बसले. चारला मी आणायला गेले तर अश्विनीच्या तळहाताला फोड आलेले. दुसऱ्या दिवशी तिची चाचणी परीक्षा. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, उद्या तिची परीक्षा आहे."

"हा. पन रोपांना पानी आज पायजे."

"माझी परीक्षा असली की मला घरातलं पाणी भरू देत नव्हतात. हिला बादल्या वाहायला लावता?"

बाबांनी बादली भरून उचलली. मग इतकी वर्षं आत साठलेलं ते बाहेर पडलं. मी विचारलं, मला का नाही कधी उतरू दिलंत? मला जमलं नसतं म्हणून?

त्यांनी बादली खाली ठेवली. माझ्याकडे न बघता पायाचा चिखल धूत बोलले, "तुला येकदा उतरवली असती ना, तं माला तुजी सवय लागली असती. दोन हात मिलाले असते. मंग शालेत कोन पाटवनार व्हतं तुला?"

"आणि ह्यांची सवय नाही लागत?"

"ही रविवारी येतात. सांजच्याला तू घिऊन जातंस."

"म्हणजे ह्यांना सगळा खेळ."

"खेलच हाय," बाबा म्हणाले. "मी सात वरसांचा असल्यापासून चिखलात हाय. खेल म्हनून कदी उतरलोच नव्हतो."

एवढं ऐकून माझा राग गेला, असं काही झालं नाही. उलट वाटलं, हे सांगायला यांना पंचवीस वर्षं का लागली. तणतणतच मुलांना घेऊन घरी आले. पण त्यानंतर मी मुलांना आणायला चारला जायचे ती दोनला जायला लागले आणि दिवस मावळेपर्यंत बांधावर बसून राहायला लागले. बाबा आणि मुलं कामात, मी काठावर वह्या तपासत. अधूनमधून बाबा मान वर करून मी आहे ना बघायचे. मला उतरावंसं वाटायचं. त्यांनी बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. बाप-लेक दोघंही एका मापाची हट्टी. माझं तर रुसायचं कारणही संपलेलं होतं, नुसता मान राखायचा होता. विचारायला हवं होतं. ते राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे विचुंब्याच्या घरी ओटीवर बसलो होतो. भात कापून झालं की जमिनीत ओल असेपर्यंत त्याच खाचरात वाल टाकायचे, ही बाबांची दरवर्षीची रीत. दत्ता तळोज्याला कारखान्यात शिफ्टला असतो. तो म्हणाला, "यंदा वाल राहू दे. पुढं पण बघू, पडीकच टाकावं लागेल बहुतेक." अश्विनी म्हणाली, "मामा, ओल जाईल. अजून चार-पाच दिवसच आहे."

"टाकणार कोण?"

"आम्ही टाकू," मी म्हटलं.

दत्ता हसला नाही, पण त्याने विचारलंच. "ताई, तुला काय येतं?"

"मला नाही. हिला येतं."

रविवारी सकाळी सातला मी मुलांना घेऊन विचुंब्याला गेले. बियाण्याचे वाल बाबांनी राख चोळून डब्यात ठेवलेले होते, केदारने तो डबा जिथून काढायचा बरोबर तिथूनच काढला. मी साडी वर खोचली आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा बापाच्या शेतात कामाला उतरले. आता अडवायला कोणी नव्हतं. अश्विनीने काठी दिली आणि दाखवलं, एवढं भोक पाडायचं, दोन दाणे, वर माती, पुढे सरकायचं. मी एक ओळ धरली. अर्ध्यावर गेल्यावर कळलं की ती स्वतःची ओळ सोडून माझ्यामागून येते आहे. माझ्या प्रत्येक भोकावर टाच ठेवून माती दाबत होती.

"माझं चुकतंय का गं?"

"नाही," ती म्हणाली. "माती जरा सैल राहते. आजोबा माझ्या मागून असेच यायचे. मला सांगायचे नाहीत."

मला तेव्हा रडू आलं. तेराव्यापर्यंत आलं नव्हतं, ते तिथे आलं. मी मागे वळले नाही. पुढे भोकं पाडत राहिले आणि मागून टाचेचा आवाज येत राहिला. दुपारपर्यंत आम्ही दोन्ही खाचरं पुरी केली.

वाल आता वीतभर झालेत. परवा दत्ता शिफ्ट संपवून आला, बांधावर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, यातली तुझी ओळ कुठली?" मी इकडून तिकडे दोनदा चालून पाहिलं. मला सांगता आली नाही.