तिसऱ्या उद्गारावर बोलताना

बडनेरा स्थानकावर मला पोहोचवायला शीलाताई एकटीच आली होती. आईला नुकताच अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. अमरावतीच्या घरी शेजारणीला तिच्याजवळ बसवून ताई घाईने निघाली होती. मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत मला गणित शिक्षकाची नोकरी मिळाली होती. ताई माझ्यापेक्षा मोठी, अकोल्याच्या एका रुग्णालयात परिचारिका. आई पडली तेव्हा तिने राजीनामा दिला, हॉस्टेलची खोली सोडली आणि ती अमरावतीला परतली. गाडी फलाटाला लागली तशी मी म्हणालो, "ताई, मी जात नाही." तिने माझी बॅग उचलून सरळ डब्यात ठेवली.

"नाटकं नको करू. तू जाय. आईपाशी मी हाओ ना."

गाडी हलली आणि मला रडू आले. त्या रडण्यात दुःख होते, तशी सुटकाही होती. पुढे इतकी वर्षे मी त्या सुटकेलाच माझे पाप समजत आलो.

जे गाव सोडून गेले आणि जे मागे राहिले, त्या दोघांनाही हे सांगावेसे वाटते, कारण अशी चूक करणारा मी एकटाच नसेन.

मस्कतमध्ये साप्ताहिक सुटी शुक्रवारी. त्यामुळे तिथे आम्हा मूठभर मराठी ख्रिस्ती कुटुंबांची उपासनाही शुक्रवारीच भरते. वातानुकूलित सभागृहात अमरावतीतलीच गीते म्हणताना प्रायश्चित्ताचा धडा मी अनेकदा इतरांना समजावून दिला: ख्रिस्ताने स्वतःला स्वेच्छेने दिले, मनुष्याच्या पापाची भरपाई त्याच्या अर्पणात झाली, त्यात आपल्या हाताने काही जोडता येत नाही. सिद्धान्त मला पाठ होता. आचरण मात्र नेमके त्याच्या उलट होते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात रजा मिळाली की मी अमरावतीला येई आणि उंबरा ओलांडताच कामाला लागे. आईला भरवणे, कूस बदलणे, चादरी धुणे, फिजिओथेरपीचे व्यायाम करून घेणे, सारे माझ्याकडे. भिंतीवर वेळापत्रक लावी. स्वतः एकवेळ जेवी. ताईला मी आईजवळ फिरकू देत नसे. "तू विश्रांती घे," असे मी म्हणे, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे नुसती पाही.

अमरावतीच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना चालते. ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि कोणी कोणत्या उद्गारावर बोलायचे हे पाळक आधी वाटून देतात. मी गावात असलो की तिसरा उद्गार माझ्याकडे ठरलेला. त्यात प्रभू मरणवेदनेतही आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली करतो, आणि तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन जातो. शिक्षकाला शोभेल अशा क्रमाने मी तो मांडत असे.

गेल्या वर्षी मी बोलायला उभा राहिलो तेव्हा आई जाऊन काही महिने झाले होते. टिपण बाजूला ठेवून मी मंडळीसमोर सांगितले की माझ्या घरातही असा एक बळी दिला गेला आहे. माझ्या सुखासाठी माझी बहीण वेदीवर चढली. मी तिचा अपराधी आहे. अनेकांनी डोळे पुसले. ताईने पुसले नाहीत. उपासना संपताच ती माझी वाट न पाहता घरी निघून गेली.

मी पोहोचलो तेव्हा ती भाजी निवडत होती.

"बळी? मी काय बकरी हाओ का रे?"

मी म्हणालो, "ताई, मी तुझे उपकारच सांगत होतो."

"तू तुहं पाप सांगून राहिला होता. त्यात मले दोरीनं बांधून नेलं तू. कोणी आणलं नव्हतं मले. माह्या पायानं आली मी. आईले माही गरज होती, अन् मलेही आईची होती. हे इचारलं कधी?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. तिचा आवाज उतरला.

"आई म्हणे, सुधीर येते अन् मोलकरणीसारखा राबते. घडीभर बसत काहून नाई हा पोरगा माह्याजवळ? मी म्हणो, फेडून राहिला तो. तं ती म्हणे, काय फेडते बाप्पा? मी कुठं मागितलं?"

येथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा. ज्याने स्वतः होऊन दिले, त्याला बळी म्हणताना आपण त्याची इच्छा पुसून टाकतो. तसे केले नाही, तर ते दान आहे हे मान्य करावे लागते, आणि दान रिकाम्या हातांनीच घ्यावे लागते. माझे हात कधीच रिकामे नव्हते. त्यात चादरी होत्या, औषधे होती, आणि ज्या आईसाठी हे सारे चालले होते तिचाच हात धरायला त्यांना सवड नव्हती. तिने वर्षभर मुलाची वाट पाहावी आणि दारात प्रायश्चित्त घेणारा उभा राहावा, असे किती वेळा घडले असेल! हे आता दुरुस्त करता येत नाही. याची क्षमा आहे, हे मी मानतो; पण क्षमेने आई परत येत नाही.

मी ताईला मस्कतला येण्याचा आग्रह केला. ती हसली. "आता माही ड्युटी नको लावू." ती अकोल्याला परत गेली. तिथे दोन खोल्या घेऊन राहते आणि रुग्णसेवेला जाणाऱ्या मुलींना शिकवते. या रजेत मी तिच्याकडे उतरलो. सवयीने उठून भांड्यांना हात लावला, तर म्हणाली, "रायू दे. खाऊन घे पहिले, भाकर थंडी होते."

मी जेवलो. नंतर तिने तिच्या विद्यार्थिनींच्या गमती सांगितल्या, आणि मी काही न करता ऐकत राहिलो. अमरावतीचे घर आता बंद असते, मस्कतचा फ्लॅट शाळेचा आहे. जिथे मला काही फेडायचे नसते अशी एकच जागा आता मला ठाऊक आहे, ताईच्या समोरची, आणि घर म्हणावे तर तीच. तशी जागा आईच्या खाटेशीही होती; मी तिथे बसलो नाही.