कागदावर मेलेली हौसा

पनवेलच्या त्या भाड्याच्या प्रार्थना-खोलीत देवानं आपल्याला कसं बदललं ही काळूरामची साक्ष सगळ्यांना तोंडपाठ होती. दारू, बायकोला, म्हणजे जनीला, केलेली मारझोड, मग जनीच्या आजारपणात शेजारणीनं केलेली प्रार्थना आणि २००८ सालचा बाप्तिस्मा. गडी सांगायचाही रंगवून. बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि काळूराम खाली बसताना कॉलर सारखी करायचा. आपलं पाप इतकं लोकप्रिय झालं की माणसाला ते थोडं आवडायलाच लागतं, त्यातला प्रकार.

दुसरं एक पाप मात्र त्या साक्षीत नव्हतं.

२००३ साली सरकारनं घेतलेल्या बापाच्या शेतीच्या बदल्यात सरकारकडून भूखंड मिळायचा होता. त्यासाठी वारसांची नावं द्यायची होती. गावात रीत अशी, की बहिणींना साडीचोळी करायची आणि हक्कसोडीवर अंगठा घ्यायचा. पण काळूरामची बहीण हौसा उरणकडे दिलेली, तोंडानं फटकळ. ती अंगठा देणार नाही हे तो ओळखून होता. म्हणून त्यानं शपथेवर लिहून दिलं, की बहीण सातव्या वर्षी तापानं वारली. जुन्या काळी खेड्यात मेलेल्या पोरीची नोंद कोण ठेवत होतं? कागद खपून गेला. भूखंडावर बिल्डिंग उभी राहिली, काळूरामला त्यात दोन फ्लॅट मिळाले आणि हौसाला यातलं काहीच कळलं नाही. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळत राहिली.

२०११ च्या एका रविवारी उपासना चालवणाऱ्या पाळकांनी प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. एक चिठ्ठी जनीची होती. ‘नणंद हौसा हिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.’

पाळक म्हणाले, “काळूरामभाऊ, बहीण तुमची. तुम्हीच प्रार्थना करा.”

काळूराम उठला. “हे प्रभू, माजी भईन हौसा...” एवढं म्हणाला आणि पुढे शब्दच फुटेना. जिला शपथेवर मारलं, तिच्या डोळ्यासाठी आता कोणत्या तोंडानं मागायचं? लोकांना वाटलं, भावाचं प्रेम दाटून आलं. दोघांनी तर ‘आमेन’सुद्धा म्हटलं. तो खाली बसला.

घरी येऊन त्यानं दार लावून घेतलं आणि गुडघ्यांवर आला. सवयीनं तोंडात आलं, “देवा, दारूनं माज्याकडून लय पापं करवली.” आणि तिथंच तो अडखळला. हौसा मेली असं लिहून दिलं त्या दिवशी तो प्यायला नव्हता. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेला होता. सगळ्या पापांचं गाठोडं त्यानं दारूच्या डोक्यावर ठेवलं होतं आणि सगळ्यात मोठं पाप शुद्धीत केलं होतं. “मी केला, देवा,” तो म्हणाला. “दारूनं नाय. मी केला.” मग तो रडला, आणि या वेळी बघायला कुणी नव्हतं. देवानं आपल्याला क्षमा केली हे त्याला त्याच जमिनीवर उमगलं. आता हौसाकडे जावं लागणार, हेही.

तो गेला. सगळं सांगितलं. हौसा उठून आत गेली आणि बाहेर आली नाही. मेव्हण्यानं त्याला नुसतं दार दाखवलं.

महिन्यानं त्यानं तिला निरोप धाडला, तहसील कचेरीत ये. ती आली, डोळ्याला काळा चष्मा लावून, त्याच्याकडे न बघता बाकावर बसली. एक फ्लॅट तिच्या नावावर करायचा असं त्यानं ठरवलं होतं. पण आधी तिला कागदावर जिवंत करणं भाग होतं.

कारकून भला माणूस होता. हळूच म्हणाला, “काका, बहिणीचं नाव नजरचुकीनं राहिलं असं लिहा. खोटं लिहून दिलं म्हणालात तर गुन्हा दाखल होऊ शकतो.”

बरोबर आलेली जनी मागून कोपरानं ढोसत होती. काळूरामला मोह झाला नाही असं नाही. एका शब्दात सुटका होती.

“नाय,” तो म्हणाला. “जानूनबुजून लिवा. मी शुद्धीत व्हतो.”

कारकुनानं लिहिलं आणि काळूरामनं सही केली.

पायऱ्यांवर हौसानं त्याला अडवलं. “तू इचारला अस्तास तरी मी अंगठा दिला नस्ता. पन भांडली अस्ती तुज्याशी. आठ वर्सं तू माजं भांडनपन खाल्लास!” आणि तिनं तोंड सोडलं. बाप काढला, लहानपण काढलं, येणारेजाणारे थांबून बघू लागले. जनी लाजेनं बाजूला सरकली.

काळूराम उन्हात हात जोडून उभा होता आणि एकेक शिवी ऐकून घेत होता. आपल्या बहिणीचा आवाज इतका मोठा आहे, हे तो विसरूनच गेला होता.