लग्नाचा जनरेटर बंद पाडणारा साहेब

विजेच्या कामावरचा सेफ्टी ऑफिसर म्हणजे घरातली किरकिरी आत्या. कुणालाच नको असते, पण पत्रिकेत नाव घालावंच लागतं. तिरोड्याकडे नव्या लाइनची कामं चालू होती तेव्हा मी ती आत्या होतो. हेल्मेट घाला, पट्टा बांधा, असं दिवसभर ओरडायचो. हेल्मेटं डोक्यावर कमी आणि मोहफुलं वेचायला जास्त वापरली जात. मी दिसलो की ठेकेदार म्हणायचा, "आ गए साहब, अब काम बंद."

सगळ्यांना खरी चीड होती ती माझ्या अर्थिंगच्या साखळीची. बंद केलेल्या तारांना साखळी अडकवायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं. चुकून कुठून वीज आलीच, तर ती माणसाला सोडून जमिनीत जाते. पण बंद तारेत वीज येईलच कुठून, असं सगळ्यांचं म्हणणं.

त्या दिवशी खांबावर चढणारा लाइनमन सकाळपासूनच तापलेला होता. आमचं काम चाललेल्या गावातच, हाकेच्या अंतरावर, त्याच्या भाचीचं लग्न होतं. मुहूर्ताआधी नव्या तारांची गावच्या जुन्या लाइनला जोडणी उरकायची, अंघोळ करायची आणि मामा म्हणून नवरीला मांडवात आणायचं, असा त्याचा बेत. साखळी पाहून तो भडकलाच.

"लाइन बंद हाय ना जी. मीच तं बंद करून आलो. मंग कायले बांधून राहिले?"

"बंद आहे म्हणूनच."

"तिकडे नवरी मामाची वाट पाहून राहिली, अन् तुमी साखळी घेऊन बसले."

मीही काही कमी हट्टी नव्हतो. साखळी नाही तर शिडी नाही, म्हटलं, आणि जमिनीवर आडव्या पडलेल्या शिडीवर सरळ बसकण मारली. माझ्यासकट शिडी उचलायची कुणाची तयारी नव्हती. तो मला नाही नाही ते बोलला, पण लांब काठीनं साखळी अडकवून मगच वर चढला.

त्याचा हात तारेवर होता तेव्हाच मांडवात भोंगा सुरू झाला. गाण्याची एक ओळ झाली असेल नसेल, साखळीपाशी फाडकन आवाज झाला, ठिणगी उडाली आणि तिकडे भोंगा मुका झाला. मी धावत जाऊन शिडी धरली.

तो आपणच उतरला. खांबाला टेकून मांडवाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "जनरेटर सकाळी म्याच जोडला होता. मेन स्विच पाडाचा राहून गेला."

आमच्या कामासाठी लाइन बंद, म्हणून लग्नाला जनरेटर. गावात विजेचं कळणारा हाच, म्हणून जोडणीही ह्याचीच. घराचा मेन स्विच चालू राहिला की जनरेटरची वीज घरातून उलटी डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरते, आणि डीपी तिला इमानेइतबारे अकरा हजार व्होल्टची करून तारांवर चढवते. त्याच तारांवर, जिथं मामाचा हात होता. साखळीनं ती जमिनीत ओढली, आणि त्या ओझ्यानं जनरेटर बसला तो बसलाच.

लग्न भोंग्याशिवाय, पंख्याशिवाय लागलं. नवरीला मामानंच आणलं. मलाही पंगतीत बसवलं, आणि नवरीचा बाप समोर उभा राहून सुनावू लागला, "तुमच्या साखळीनं जनरेटर बंद पडला म्हणते ठेकेदार. एकच पोरगी हाय जी माही. काऊन केलं असं?"

मी मामाकडे पाहिलं. तो भात वाढत होता. माझ्या पत्रावळीपाशी वाकला तेव्हा अर्धा भात सतरंजीवर सांडला.

"साहेब, घरी सांगू नका," एवढंच पुटपुटला.

मला राग आला होता, खरंच आला होता. सगळं बोलून टाकावं असं वाटलं. पण त्याच्या मागेच त्याची बायको वरणाची बादली घेऊन उभी होती, नव्या साडीत, घामाघूम, भाचीच्या लग्नात खूश. मी मान खाली घालून जेवलो.

त्या गावात मी अजूनही लग्न बिघडवणारा साहेब आहे. कुणाच्याही लग्नाला गेलो की मांडवातून कुणीतरी हाळी देतं, जनरेटर झाका, साहेब आले. सगळे हसतात. सगळ्यात मोठ्यानं मामा हसतो.