झोपू द्या त्याला

पोलिसाची आठवण म्हटल्यावर पाठलाग, गोळीबार पाहिजे ना तुम्हाला? नाही यार. माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही ती केस म्हणजे सोफ्यावर झोपलेला एक माणूस.

ऐंशीच्या दशकातलं न्यू जर्सी. मी पोलीस ठाण्यात नवा, पण साहेबांच्या नकला करण्यात मुरलेला. रविवारी दुपारी डेस्कवर फोन आला. दबक्या आवाजात कोणीतरी पत्ता सांगितला, म्हणाला, "त्याला झोपू देऊ नका," आणि ठेवला. घर मराठी माणसांचं, म्हणून सार्जंटनं मलाच पिटाळलं.

सत्यनारायण नुकताच झालेला. उदबत्तीचा धूर उन्हात तरंगत होता, पाहुणे चवड्यांवर चालत, कुजबुजत होते. अख्खं घरच पेंगत होतं म्हणा ना. घरच्या काकांचा भाचा सोफ्यावर, अंगावर काकूंची शाल.

"हळू बोल रे," काकू म्हणाल्या. "डबल शिफ्ट करून आलाय बिचारा. झोपलेल्याला उठवू नये. आणि घोरतोय बघ कसा, थेट मामावर गेलाय!"

घोरण्याच्याही नकला करायचो मी. झोपेतलं घोरणं लाटेसारखं येतं-जातं. हे नुसतं गुरगुरायचं, मग थांबायचं. फार वेळ. हाक मारली, छातीच्या हाडावर मूठ जोरात घासली. ढिम्म. पापणी वर केली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ओठ निळसर.

रेडिओवर अँब्युलन्स मागवली. कंट्रोल रूममधली डिस्पॅचर म्हणाली, "घोरतोय ना? मग झोपलाय." मी रेडिओवरच ते घोरणं करून दाखवलं, मधल्या थांब्यासकट.

"पाणी आणू?" मागून भाच्याच्या रूममेटनं विचारलं. फोनवरचा आवाज!

"फोन तूच केलास. काय घेतलं यानं?"

त्यानं काकूंकडे पाहिलं.

"काकूंचं नंतर बघू. हा मरतोय. बोल!"

"हेरॉइन म्हणून विकलं कोणीतरी. थोडंसंच घेतलं, शप्पथ."

थोडंसंच! लॅबनं नंतर सांगितलं, हेरॉइन नव्हतंच ते, फेंटानिल नावाच्या कैकपट जहाल औषधाचा भाऊबंद. त्याची चिमूटसुद्धा जास्त होते.

तेवढ्यात श्वास पारच थांबला. मान मागे कलवून, नाक दाबून मी तोंडानं श्वास देत राहिलो. पॅरामेडिकनी येऊन उतारा टोचला. भाच्यानं डोळे उघडले. "मामी, सॉरी." उताऱ्याचा असर संपला की श्वास पुन्हा बंद पडू शकतो, म्हणून त्याला हॉस्पिटलात नेलंच. रूममेटनं विकणाऱ्याचं नाव दिलं, तोही सापडला.

तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, हलवूनही उठत नाही ती झोप नव्हे. लाज बाजूला ठेवा, फोन करा, श्वास द्या, एकटं सोडू नका.

सार्जंटनं आत बोलावलं. मला वाटलं, शाबासकी.

"रेडिओवर घोरलास? ती डिस्पॅचर बिचारी ऐकत बसली. तेवढ्या वेळात त्याला एक श्वास देऊन झाला असता. पुढच्या वेळी तीनच शब्द: श्वास घेत नाहीये. म्हण!"

म्हटलं. माझ्याच आवाजात.