फोन जरा फिरवा बघू

"फोन जरा फिरवा बघू." आमच्या वकीलसाहेबांचं पक्षकाराशी पहिलं वाक्य हेच. नमस्कारसुद्धा नंतर. पक्षकार बिचारा खोलीभर फोन फिरवायचा. पलंगावरचे पाहुणे, दारातली शेळी, सगळ्यांचं दर्शन व्हायचं. "पाहुण्यांना बाहेर पाठवा. शेळी राहू द्या," साहेब गंभीरपणे सांगायचे. मग स्वतःचा लॅपटॉप उचलून आपल्या खोलीचे चारी कोपरे दाखवायचे. "हितं बी कुणी न्हाय."

गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी कोर्टाजवळचं ऑफिस बंद केलं आणि सोलापुरातल्या घराच्या मागच्या खोलीतून व्हिडिओवर वकिली सुरू केली. मी त्यांची ज्युनिअर. घरातून वकिली म्हणजे नियम सैल, असं तुम्हाआम्हाला वाटतं. साहेबांनी उलट आवळले. लॅपटॉपला घरात कुणी हात लावायचा नाही. काकूंनी चहा उंबऱ्यापाशी ठेवायचा. आणि मी असले की पक्षकाराला विचारायचं, "ह्या माझ्या ज्युनिअर. बसल्या तर चालंल का?" नको म्हटलं की माझी रवानगी स्वयंपाकघरात. एलएलबी होऊन मी शेंगा सोलत बसायची. राग यायचा, खोटं कशाला सांगू?

एकदा मंद्रूपच्या एका बाईंचं काम आलं. वडलांच्या जमिनीतला हिस्सा भावाच्या नावे सोडायचा होता. फोन भावानंच लावून दिला. बाईंनी खोली दाखवली, कुणी नव्हतं. पण प्रत्येक उत्तराआधी त्या दाराकडं बघत होत्या.

"दाराआड कोण हाय?" साहेबांनी विचारलं.

भाऊच पुढं आला. "घरचाच की मी! भावाबहिणीत कसलं गुपित?"

"माझ्या पक्षकार त्या हायत, तुमी न्हाय. त्या एकट्या बोलल्याबिगर मी कागद करणार न्हाय."

"मग दुसरा वकील बघतो."

"बघा की."

आठवडाभर साहेब जेवतानाही लॅपटॉप बंद करत नव्हते. "त्या बाईनं सही केली असंल का गं?" एवढंच विचारायचे.

शेवटी फोन आला. बाई ज्वारीत उभ्या होत्या. न सांगताच त्यांनी फोन गोल फिरवला. "कुणी न्हाय, साहेब." मी बसले तर चालेल का, असं साहेबांनी विचारलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मी उठले. दार ओढून घेताना त्यांचा हुंदका तेवढा ऐकू आला. पुढं काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मात्र राग आला नाही.

दोन महिन्यांनी साहेब गेले. काकूंनी लॅपटॉप माझ्या हाती दिला. मागच्या खोलीत बसून मी एकेका पक्षकाराला कळवत होते. त्या बाईंना कळवायचं राहिलं होतं, तोच त्यांचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा नुसता फुललेला.

"ताई, म्या सही केली न्हाय! सातबाऱ्यावर माजं बी नाव लागलं. साहेब कुटं हायत? जरा दाखवा की."

मी लॅपटॉप उचलला आणि साहेब फिरवायचे तसा हळूहळू चारी कोपऱ्यांकडं फिरवला. शेवटी त्यांच्या खुर्चीपाशी थांबले. खुर्चीला काठी टेकवलेली होती.

"कुणी न्हाय," बाई म्हणाल्या.